पेटीत टाकल्याची तारीख आणि शिक्क्याची तारीख

«ताई, नमस्कार. माझं वय एकाहत्तर. आम्ही दोघं बारा वर्षांपासून नैऋत्य व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठाच्या गावात मुलीजवळ राहतो. टॅक्स रिटर्न मी दरवर्षी स्वतःच्या हाताने भरतो आणि पोस्टाने पाठवतो. यंदा १५ एप्रिलला, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, बुधवारी, संध्याकाळी साडेसहाला पोस्टाबाहेरच्या निळ्या पेटीत पाकीट टाकलं. आत ३,२०० डॉलरचा चेक होता. जूनमध्ये करखात्याची नोटीस आली, उशिराबद्दल १६० डॉलर दंड आणि वर थोडं व्याज. फोन केला तर म्हणाले, पाकिटावर १७ एप्रिलचा शिक्का आहे. मी १५ तारखेलाच टाकलं, शेजारचे गृहस्थ सोबत होते, ते तसं लिहून द्यायला तयार आहेत. आजवर एकही बिल उशिरा भरलेलं नाही. मुलगी म्हणते, पैसे भरा आणि विसरा. पण रात्री झोप लागत नाही. मी चुकलो का? आणखी एक, बायकोच्या इमिग्रेशनच्या अर्जावर जादा पुरावे मागणारं पत्र आलंय. उत्तराची शेवटची तारीख ६ ऑगस्ट. ५ तारखेला पोस्टात टाकलं तर चालेल ना?»

नमस्कार काका,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तिथे अजून वेळ हातात आहे. ५ ऑगस्टला टाकून अजिबात चालणार नाही. इमिग्रेशनवाले पाकिटावरचा शिक्का बघत नाहीत. त्यांच्या नोटिशीवर जी तारीख असते, त्या तारखेपर्यंत उत्तर त्यांच्या हातात पडलेलं असावं लागतं. पडलं नाही, तर अर्जदाराने अर्ज सोडून दिला असं धरून ते तो नाकारू शकतात, आणि मग नव्याने अर्ज, नव्याने फी, नव्याने वाट पाहणं. तेव्हा काकूंचं उत्तर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात निघू दे. मागितलेले सगळे कागद एकाच वेळी पाठवायचे असतात, अर्धे आत्ता आणि अर्धे मागाहून अशी सोय नाही. त्यांच्याकडून आलेली मूळ नोटीस सगळ्यात वर लावा. पत्ताही नोटिशीवरचाच घाला. पोस्टाने पाठवायचा पत्ता आणि कुरियरने पाठवायचा पत्ता पुष्कळदा वेगवेगळे असतात, ते नीट वाचा. पाकीट कुठपर्यंत पोचलं ते बघता येईल अशाच सेवेने पाठवा आणि ‘पोचलं’ असा शेरा दिसला की तो कागदावर छापून फाइलला लावा.

आता तुमच्या झोपेचं.

तुमचा समज चुकीचा नव्हता, निदान अर्धा तरी बरोबर होता. अमेरिकेच्या करकायद्यात ७५०२ क्रमांकाचं कलम आहे. रिटर्न किंवा चेक मुदतीनंतर पोचला, पण पाकिटावर पोस्टाचा शिक्का मुदतीच्या आतला असेल, तर शिक्क्याची तारीख हीच पोचल्याची तारीख मानायची, असं ते सांगतं. पत्ता बरोबर हवा आणि तिकिटं पुरेशी हवीत, एवढंच. म्हणून तर कित्येक वर्षं १५ एप्रिलच्या रात्री मोठ्या पोस्टांच्या दारात रांगा लागायच्या. तुम्ही ज्या भरवशावर पाकीट टाकलं, तो भरवसा कायद्यानेच दिलेला आहे.

पण कायदा बोलतो तो शिक्क्याबद्दल, पाकीट पेटीत टाकण्याबद्दल नाही. या कलमाखालचे नियम तर स्पष्टच म्हणतात की शिक्का मुदतीच्या आत बसेल की नाही याची जोखीम पाठवणाऱ्याची. पोस्टाच्या शिक्क्यावर नंतरची तारीख असेल तर पाकीट प्रत्यक्षात कधी टाकलं याला अर्थ उरत नाही. शेजाऱ्यांचं पत्र इथे कामाला येणार नाही ते यामुळे. ते खरं लिहितील, तुम्हीही खरंच सांगताय, तरी ते कोणी विचारात घेणार नाही. शिक्का पुसट असता, वाचता आला नसता, तर साक्षीपुराव्याला जागा होती. तुमच्या पाकिटावर स्वच्छ १७ आहे. त्यांना त्या पत्रासाठी तसदी देऊ नका आणि तुम्हीही त्या वादात शिरू नका. दुसरी वाट आहे, तिच्याकडे येतेच.

त्याआधी ते १७ आलं कुठून ते बघू, कारण तुम्हाला छळतंय ते तेच. निळ्या पेटीच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, शेवटची उचल किती वाजता, ते सांगणारी. बहुतेक ठिकाणी ती दुपारची नाहीतर पाचच्या आसपासची असते. तुम्ही साडेसहाला टाकलंत म्हणजे बुधवारची उचल होऊन गेली होती. पाकीट निघालं ते गुरुवारच्या उचलीत. पूर्वी गुरुवारी संध्याकाळीच ट्रक ते घेऊन गेला असता. पण टपाल खात्याने २०२१ पासून आपली सगळी रचना बदलायला घेतली आहे. ठिकठिकाणची टपालाची वर्गवारी मोजक्या मोठ्या विभागीय केंद्रांत नेली. व्हर्जिनियाच्या राजधानीचं, रिचमंडचं केंद्र त्यातलं पहिल्यांपैकी, २०२३ सालचं. आणि अशा केंद्रापासून पन्नास मैलांपेक्षा लांब असलेल्या पुष्कळ पोस्टांमधली संध्याकाळची फेरी बंद केली. दिवसभर गोळा झालेलं टपाल रात्रभर तिथेच राहतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गावात वाटायचं टपाल घेऊन आलेल्या ट्रकमधून परत जातं. तुमच्या भागातून रिचमंड दोनशे मैलांच्या पुढे. म्हणजे गुरुवारी उचललेलं पाकीट शुक्रवारी सकाळी निघालं, शुक्रवारी यंत्राखाली गेलं, आणि यंत्राने त्या दिवसाची तारीख उमटवली. शुक्रवार, १७ एप्रिल. हिशोब तंतोतंत जुळतो. कुणी तुमचं पाकीट विसरलं नाही, कुणी ते बाजूला टाकलं नाही.

टपाल खात्याने ही गोष्ट लेखीही सांगितली आहे. २४ नोव्हेंबर २०२५ ला त्यांनी नियमावलीत शिक्क्याबद्दलचं नवं कलम प्रसिद्ध केलं आणि ते २४ डिसेंबर २०२५ पासून लागू झालं. यंत्राच्या शिक्क्यावरची तारीख ही पाकिटावर यंत्राची पहिली प्रक्रिया झाली त्या दिवसाची असते, खात्याने ते ताब्यात घेतलं त्या दिवसाची असेलच असं नाही, असं त्यात म्हटलं आहे. आपली शिक्का मारण्याची पद्धत बदललेली नाही, फक्त शिक्क्याचा अर्थ स्पष्ट केला, असं खात्याचं म्हणणं. ते खरंही आहे. पण टपालाच्या वाहतुकीची पद्धत बदलली, आणि तिच्यामुळे टाकल्याची तारीख आणि शिक्क्याची तारीख यांच्यातलं अंतर वाढलं. याचा सगळ्यात जास्त त्रास मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्यांना आणि अजून कागदावर व्यवहार करणाऱ्यांना होतो, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या वयाच्या माणसांना. मला हे मनापासून खटकतं. नियम कागदावर आला, पण निळ्या पेटीच्या चिठ्ठीवर ‘आज टाकलेल्यावर आजचा शिक्का बसेलच असं नाही’ एवढी एक ओळ छापली असती तर किती लोकांचा दंड वाचला असता.

मी पंचवीसएक वर्षं लोकांची रिटर्न्स भरते. पण शिक्क्याचं महत्त्व मला त्याच्याही आधी कळलं. माझे वडील मिरजेला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या डाकसेवेत सॉर्टर होते. पाळी सुरू झाली की पहिलं काम शिक्क्यातले तारखेचे आकडे बदलायचं. बदलले की एका खास वहीत शिक्का उमटवून बघायचे, तारीख बरोबर आहे ना, ठसा स्वच्छ आहे ना. ती वही सांभाळून ठेवलेली असे. ‘या आकड्यावर कुणाचा तरी कोर्टातला दावा असतो, कुणाची नोकरी असते,’ असं ते म्हणायचे. तेव्हा उशीर झालेल्या पत्रालाही एक दार उघडं होतं. लेट फीचं जादा तिकीट लावून ते स्टेशनवर, थेट गाडीच्या डाकडब्यातल्या पेटीत टाकता यायचं. आणि पत्र पोचलं की पोचत्या गावाचा शिक्का पाठीवर पडायचा, त्यामुळे कधी निघालं आणि कधी आलं, दोन्ही पाकीटच सांगायचं. अमेरिकेतल्या साध्या टपालावर पोचल्याचा शिक्का नसतो. एकच शिक्का, तोही तुमच्या गावाचा नाही, लांबच्या केंद्राचा.

आता ती दुसरी वाट. दंड माफ करून मागा. आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याची, पहिल्या चुकीची माफी म्हणून एक सोय आहे. मागच्या तीन वर्षांत रिटर्न्स नीट भरलेली असतील, त्या वर्षांवर दंड लागलेला नसेल, आणि यंदाचा कर भरलेला असेल, तर उशिरा भरल्याचा आणि उशिरा पैसे दिल्याचा दंड ते माफ करतात. तुम्ही या तिन्हींत बसता. तुमचे १६० म्हणजे ३,२०० चे पाच टक्के. रिटर्नचा उशीर एका दिवसाचा असला तरी पूर्ण महिन्याचा धरतात, महिन्याला पाच टक्के, आणि त्यातच पैसे उशिरा दिल्याचा अर्धा टक्का सामावलेला असतो. रिटर्नवर पैसे निघतच नसते, उलट परत मिळायचे असते, तर एवढ्या उशिराला दंडच लागला नसता. हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ वाचक उगाच घाबरतात.

नोटिशीच्या वरच्या कोपऱ्यात फोन नंबर आहे. सकाळी उघडल्या उघडल्या फोन लावा, दुपारी रांग वाढते. नोटीस, तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर आणि यंदाच्या रिटर्नची प्रत समोर ठेवा. पोस्टाची कहाणी सांगत बसू नका. सरळ म्हणा, ‘फर्स्ट टाइम अबेटमेंट’ हवी आहे. हे शब्द असेच म्हणा, त्यांना तेच लागतात. बरेचदा फोनवरच काम होतं. नाही झालं तर पत्र लिहून किंवा फॉर्म ८४३ भरून मागता येतं. दंड गेला की त्या दंडावर चढलेलं व्याज जातं. पण मूळ कर उशिरा पोचला त्याचं व्याज राहील, ते अगदी थोडं असेल, भरून टाका. आणि माफी मागितली म्हणून नोटिशीवरची पैसे भरायची तारीख मात्र चुकवू नका. निर्णय लवकर होणार नाही असं वाटलं तर दंड भरा आणि मग मागा. माफ झाला की पैसे परत येतात.

मुलीला सांगा, काका विसरणार नाहीत, आणि विसरायचं कारणही नाही. हे तुमचे हक्काचे पैसे आहेत.

पुढच्या वर्षाचं बोलू. हाताने रिटर्न भरण्यात तुम्हाला समाधान आहे हे मला समजतं, माझ्याकडे येणारे तुमच्या वयाचे कितीतरी लोक तसेच आहेत. तरी एकदा विचार करा. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलेल्या रिटर्नलाही शिक्का असतो, इलेक्ट्रॉनिक. तो पाठवल्याच्या क्षणाचाच असतो, आणि वेळ धरतात ती तुमच्या घरच्या घड्याळाची, पाठवणारी कंपनी कुठल्याही टाइम झोनमध्ये असली तरी. साठीच्या पुढच्यांसाठी विनामूल्य मदतीची केंद्रं फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत चालतात, पुष्कळ गावांत सार्वजनिक वाचनालयातच. तुम्ही घरी कागदावर सगळं भरून न्या, आकडे तुमचेच राहतील. पाठवायचं काम तेवढं तिथले स्वयंसेवक करतील.

कागदच पाठवायचा असेल तर मात्र पेटीला हात लावू नका. पोस्ट उघडं असताना काउंटरवर जा आणि सर्टिफाइड मेल करा. त्याच्या पावतीवर क्लार्ककडून तुमच्या डोळ्यांसमोर तारखेचा गोल शिक्का मारून घ्या. तो शिक्का मारल्याशिवाय खिडकी सोडू नका, मागे रांग असली तरी. त्या शिक्क्याची तारीख म्हणजे कायद्याने तुमची तारीख. पाकिटावर नंतर रिचमंडला काहीही बसो. जोखीम पाठवणाऱ्याची, असं म्हणणाऱ्या त्याच नियमांनी ही सोय दिली आहे की रजिस्टर किंवा सर्टिफाइड मेलने ती जोखीम टळते. आपल्याकडच्या ‘रजिस्टर एडी’ची सवय असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण इथे आल्यावर निळ्या पेटीवर आपण फार लवकर विश्वास टाकतो.

काउंटरवर साध्या पाकिटावरही ‘मॅन्युअल पोस्टमार्क’ मागता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. पण पाकीट निघून जातं आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही. ‘सर्टिफिकेट ऑफ मेलिंग’ स्वस्त पडतं आणि त्यावरही शिक्का मिळतो. पण पोस्ट त्याची प्रत ठेवत नाही, आणि कराच्या कामात त्याला सर्टिफाइडच्या पावतीचं वजन नाही. एखादं बिल, एखादी सोसायटीची नोटीस यासाठी ते ठीक. घरी संगणकावर छापलेल्या लेबलवरची तारीख तर धरूच नका, ती लेबलची तारीख. कुरियर करणार असाल तर आयआरएसने डीएचएल, फेडेक्स आणि यूपीएस यांच्या ठरावीक सेवांची यादी केली आहे, तेवढ्याच सेवा चालतात. त्यांची साधी ग्राउंड सेवा त्यात नाही. शिवाय कुरियर पोस्ट बॉक्सच्या पत्त्यावर पोचत नाही, त्यासाठी आयआरएसचा रस्त्याचा पत्ता वेगळा शोधावा लागतो.

कुठलाही कागद हातात आला की एक गोष्ट बघा, मुदत शिक्क्याची आहे की पोचण्याची. घराच्या करातच बघा. कॅलिफोर्नियात १० डिसेंबर आणि १० एप्रिल या तारखांना शिक्का चालतो, पण एक दिवस चुकला की दहा टक्के दंड. इकडे न्यू जर्सीतल्या कित्येक नगरपालिका बिलावरच छापतात की शिक्का धरणार नाही, पैसे हातात हवेत. टपालाने पाठवायच्या मतपत्रिकेचं तर राज्याराज्यांत निराळं आहे. नागरिक झालेल्यांनी ती निदान आठवडाभर आधी टाकावी, टपाल खातंही तेच सांगतं. माझा सल्ला त्याहून साधा, राज्यात ठेवलेल्या अधिकृत मतपेट्या असतील तर त्यांत टाका. पण इथे मी जास्त शिरत नाही, राज्याच्या निवडणूक कार्यालयाचं पान वाचलेलं बरं.

तुम्ही दोघं हिवाळ्यात पुण्याला जाता असं पत्रात खाली लिहिलंय, म्हणून एक सांगते. एप्रिलमध्ये तिकडेच असाल, तर भारतातून पाठवलेल्या रिटर्नलाही मुदतीच्या आतला तिथल्या पोस्टाचा अधिकृत शिक्का आयआरएस मान्य करते. त्यांचा २००२ सालचा तसा निर्णय आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून भारतात रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टच करा आणि पावती जपा. मात्र भारतातलं आयकर विवरणपत्र भरत असाल आणि त्याची सही केलेली पडताळणी बंगळुरूला टपालाने पाठवत असाल, तर तिथे उलटं आहे. तीस दिवसांची मुदत आधी पाठवल्याच्या तारखेवर मोजत, एप्रिल २०२४ पासून ती पोचल्याच्या तारखेवर मोजतात. आधार ओटीपीने घरूनच पडताळणी करता आली तर फारच उत्तम.

सोमवारी सकाळी फोन लावा, काका. काय म्हणाले ते मला कळवा. माफी नाकारलीच तर नोटिशीची प्रत पाठवा, फॉर्म ८४३ आपण मिळून भरू. आणि काकूंचं पाकीट निघालं की त्याचा ट्रॅकिंग नंबर तुमच्या त्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.